मुंग्या लागलेला मसाला

निजामने आज मला ओट्यापासून हटवलं.
"बस तिकडे खाटेवर. आज मी करतो."

हा माणूस जायच्या आधी
हंडा पालथा दिसला तरी विचारायचा,
पाणी आहे का यात?

दोन वर्षं तीन महिने मोझांबिकला होता,
शिमोयोजवळच्या केळीच्या मळ्यात,
ठिबकच्या नळ्या अंथरायला.
फैजपूरचा माणूस केळीमागे समुद्रापार जातो
याचं आमच्या गल्लीत कोणाला नवल नाही.
लोकांनी फक्त पगार विचारला.

आता परातीत बकऱ्याचा खिमा.
बेकरीचा शिळा पाव दुधात बुडवून पिळलेला,
एक अंडं, लसूण.
हात ओले करून तो गोळे वळतो,
लिंबाएवढे,
तळव्यावर तळवा इतका हलका फिरवत
की मी बघतच राहते.
हे हात माझ्या ओळखीचे.
यांना पान्हा कळतो, व्हॉल्व्ह कळतो.
असं हळू फिरणं
यांना कोणी शिकवलं?

विचारलं.
"फेलिस्मिना," मान वर न करता म्हणाला.
"कॅम्पात रांधायची."

गोळे लाल झाले, काढून ठेवले.
त्याच तेलात कांदा, टमाटे, तमालपत्र,
सिरक्याची एक धार.
"हे पोर्तुगीजांचं."
मग बोटाच्या पेराएवढ्या जहाल मिरच्या,
वाटलेले शेंगदाणे, नारळाचं दूध.
"हे तिच्या मायचं."
पोर्तुगीज घरं सोडून गेले, ती सांगायची,
खुर्च्यासुद्धा जहाजात घालून गेले,
गोळे तेवढे विसरले.
मग आम्ही ते आमच्या रश्श्यात सोडले.

"वय काय तिचं?"
"असेल."
"असेल म्हणजे?"
"थांब, टमाटे लागतील खाली."

रस्सा चाखला. नाही म्हणाला.
मीठ. नाही.
अजून सिरका. तरी नाही.
"तिकडे असा नव्हता लागत. काहीतरी राहिलं,"
आणि फोन घेऊन अंगणात गेला, रेंज शोधत.
तिलाच विचारणार, दुसरं कोणाला?

मी उठले.
फळीवरची बरणी काढली.
काळा मसाला, यंदाचाच,
जळेपर्यंत तळलेला कांदा, खोबरं, धने, दगडफूल,
कांडताना अख्खी गल्ली शिंकली होती.
दोन चमचे टाकले.
तिसरा रागाने.
ढवळलं, झाकलं,
आणि खाटेवर येऊन अशी बसले
की जशी हललेच नाही.

फोन लागला नव्हता.
त्याने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले.
"हेच," म्हणाला. "अगदी हेच.
बरोबर तिच्या हातचं."

चुलीवर पाणी ओतावं तसं
माझ्या डोक्यात काहीतरी चर्र झालं.

जाताना त्याच्या बॅगेत, तळाशी, पॅन्टींच्या घडीत
दोन किलोची पिशवी मीच कोंबली होती.
पहिल्याच महिन्यात फोन,
मसाल्याला मुंग्या लागल्या, फेकून दिला.
काळ्या मसाल्याला मुंग्या!
आणि मी खुळी
आठवडाभर त्या मुंग्यांना शिव्या देत होते.

"निजाम," मी म्हटलं,
"ती मुंगी तिशीची होती की साठीची?"

आधी तो हसला नाही. मग हसला.
"बासष्ट.
रोज चमचाभर मागून घ्यायची.
पिशवी संपली त्या दिवशी माझ्यावरच चिडली,
म्हणे, बायकोला कळव."
"मग कळवलं का नाही?"
"तुले वाईट वाटलं असतं.
तुझा मसाला मी दुसऱ्या बाईला दिला म्हणून."

वाटलंच असतं.
आत्ताही वाटतंय थोडं.

कळण्याची भाकरी मोडून रश्श्यात बुडवली.
आधी ओठ पेटले, मग शेंगदाणा आला,
मग ते आंबटसर, मला नाव न सापडणारं,
आणि पार शेवटी, घशाशी,
माझा जळका कांदा.

गोळा जरा मऊच झाला होता.
पाव कमी हवा.
हे मी त्याला बोलले नाही.
तिलाच सांगेन,
रेंज आली की.
कोणत्या भाषेत, ते बघू.