फायनल-फायनल-दोन

माझ्याकडे अजून आहे ती फाईल,
चार जीबीच्या कार्डात, नाव 'फायनल-फायनल-दोन'.
अकील पिंजारीचं पहिलं गाणं.
मोबाईल दुरुस्तीचं दुकान, शटर अर्धं ओढलेलं,
आवाज नको म्हणून पंखा बंद, मे महिना.

मैं दोंडाईचा का डॉन, तेरे घर पे आया लोन.

वय सतरा. डॉन म्हणे!
सकाळी बापामागे सायकलीला पिंजण बांधून
मालपूर, निमगूळ, गाद्या भरत हिंडायचा,
भुवयांत कापूस.
ठेका एकीकडे, हा दुसरीकडे,
आणि दम संपायचा नेमका शब्दाच्या पोटात:
'दोंडाई' या ओळीत,
'चा' पुढच्या.

मी बरा होतो त्याच्याहून.
मी नाही म्हणत, तेव्हा सगळेच म्हणायचे.
मला ठेका एकदा ऐकला की बसायचा.
यमकं न बोलावता यायची, दारात उभी राहायची,
मी त्यांना पाणीही विचारलं नाही.

नंदुरबारच्या गॅदरिंगला त्याची हुर्यो उडाली.
परतताना पॅसेंजरच्या दारात बसून म्हणाला,
'भो, कोठे चुकनू, सांग.'
मी सांगितलं. हसत हसत, एकेक करून सगळंच सांगितलं.
त्यानं वहीत लिहून घेतलं.

पुढची दोन वर्षं नुसता वेग.
शब्द असे सुटायचे जशी फुटल्या गोणीतून ज्वारी,
वेचणार कोण?
पोरं टाळ्या वाजवायची. मीही वाजवल्या.
तो मात्र खाली उतरून म्हणाला, 'काहीच समजनं नही ना कोनले?'

मग गप्प.
एक अख्खा हंगाम मिरचीच्या पथारीवर.
लालच लाल, नजर पोचेल तिथवर, तोंडाला फडकं,
तिथं श्वास घोटभर घ्यायचा असतो,
जास्त घेतला की छाती पेटते.
बाया गप्पा मारतात तिथं, भांडतात, हसतात सुद्धा,
सगळं त्या घोटाघोटात बसवून.
हा नुसता ऐकत होता म्हणे.

मी विचारलं होतं एकदा, एवढं खोडतोस कशाला?
म्हणाला, जुनी गादी कशी करतात?
उसवायची. गाठी काढायच्या. धूळ उडू द्यायची.
कापूस तोच.
परत भरायची, परत टाके.
आणि पाच वर्षांनी परत उसवायची,
कारण माणूस रोज झोपतो तिच्यावर.

आता त्याचं नवं आलंय.
मी वजनकाट्यावर असतो रात्रपाळीला,
भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पावती.
रात्री दोनला लावलं.

मिरची वाळस, गोणी भरास,
खोकला तेवढा वल्ला ऱ्हास.

आणि इथं तो थांबतो.
एक मात्रा मोकळी सोडतो. काहीच नाही, ढोलही नाही.
मागे वळून कोणी बघावं तेवढीच जागा.
माझा श्वास अडकला, हे मला
तो पुन्हा सुरू झाल्यावर कळलं.

चूक शोधली मी. सवय.
तीनदा लावलं. सापडली नाही,
म्हणजे एक सापडली, 'गोणी'तला 'णी' जरा ओढलाय,
चौथ्यांदा कळलं की तो मुद्दाम ओढलाय.

मग जुनं कार्ड काढलं.
'फायनल-फायनल-दोन', शेवटपर्यंत, डॉन, लोन, सगळं.
गाणं संपल्यावर दोन सेकंद कोणी हसतंय त्यात.
मी आहे तो.
कापायला त्याला काय लागलं असतं?
तेव्हा येत नव्हतं, ठीक.
पण मागच्याच महिन्यात त्यानं जुनं सगळं साफ करून
नव्यानं चढवलंय,
आवाज उजळ, पंख्याविना घुसमटलेलं दुकान स्वच्छ,
आणि शेवटी माझं हसू,
आधीपेक्षा स्पष्ट.

बाहेर हॉर्न वाजतोय कधीचा.
ड्रायव्हर खिडकीतून विचारतोय, 'काटा चालू शे का, भाऊ?'
आहे म्हटलं. आण गाडी.
सावकाश घे, मधोमध.