जरी

वडगावात आमच्या बोळातले माग दहाला बंद होतात,
तेव्हा ऐकू येतं:
पिंजऱ्यात जरी चोचीनं काहीतरी फोडतेय,
फुटाण्यागत, पण बारीक.

पिसं फोडते ती. नवी.
प्रत्येक पीस पांढऱ्या नळीत गुंडाळून येतं,
कांडीवरच्या सुतासारखं.
नळी कुरतडली की आतून पिवळं उलगडतं.
हे मला यंदा कळलं. साठाव्या वर्षी.

आधी वाटलं, मांजर.
मग वाटलं, रोग.
पाच्छापुरे डॉक्टरकडं नेली, गुरांच्या दवाखान्यात,
दोन म्हशींच्या मागं नंबर लावून.
त्यांनी पंख ताणून धरला, म्हणाले,
'झडू दे. अंडं उकडून घाला.
ओढू मात्र नका, नव्या दांड्यात रक्त असतंय.'
पैसे घेतले नाहीत. म्हशीवाला हसला.

तेव्हापासून वही घातलीय.
डावं सहावं मोठं पीस: मंगळवार.
उजवं सहावं: गुरुवार, पाण्याच्या वाटीत.
मग सातवं, मग पाचवं.
मधनं सुरू करून दोन्ही काठांकडं जाते ती,
एकेक, जोडीनं,
म्हणजे उडणं बंद पडू नये.
ताणा न तोडता, माग न थांबवता
अख्खी साडी बदलायची.
चाळीस वर्षं मागावर आहे मी, मला जमलं नसतं.

शेपटी मात्र हिशेबात बसली नाही.
एकाच रात्रीत तीन पडली.

गंगव्वा धारवाडला, लेकीच्या बाळंतपणाला.
रोज फोन: 'पिसं पडूलालीत काय अजून?'
मी जेवलो का, हा प्रश्न दुसरा.
जरी तिची. तिच्याकडनंच शिकलेले दोन बोल:
'बा इल्ली', आणि माझ्यावर डाफरताना ती म्हणते ते 'साकू'.
महिनाभर दोन्ही बंद.

डोक्यावर, तुऱ्याखाली, काटेच काटे.
तिथं चोच पोचत नाही.
परवा ती पिंजऱ्याच्या दाराशी आली, मान खाली घातली
आणि तशीच थांबली.
माझी बोटं तुटक्या धाग्याला गाठ मारायला बरी,
बाकी राकट.
अंगठ्याच्या नखानं एक नळी चुरडली. भुकटी पडली.
दुसरी. तिसरी.
चौथी कच्ची होती. चावली, कचकून.

साकू, मीच म्हटलं.

रात्री फोनवर हे सांगितलं नाही.
वहीत लिहिलं:
डोकं, तीन. बोट, एक.
डावं नववं अजून पडायचंय.