ना-हरकत

ऋजुता ओहायो सोडतेय.
ॲरिझोना म्हणाली, तर मी आधी विचारलं,
गाडी नेणार की विकणार?
ती हसली. आई, तू अजून रिटायर झालीच नाहीस.

एकतीस वर्षं संगम पुलाजवळच्या आरटीओत
राज्य सोडून जाणाऱ्या गाड्यांचे कागद पाहिले.
तांबोळी चॅसीवर कागद धरून पेन्सिल घासायचा,
आकडे हळूहळू उमटायचे,
मी ताडून बघायची: दंड थकलाय का,
बँकेचं कर्ज, पोलिसांचा अहवाल.
मग गोल शिक्का.
बेळगाव, इंदूर, एक लाल मारुती तर थेट इंफाळला,
मागच्या काचेवर "आईचा आशीर्वाद".

तिथेही तसंच आहे म्हणे.
लायसन्स नवं, नंबरप्लेट नवी,
विम्याचा हप्ता झिपकोड बघून.
आणि कर अर्धं वर्ष या राज्याला, अर्धं त्या.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात,
इथे पाहुण्याच्याच ताटात
दोन्ही घरं जेवतात.

मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढलं.
रेवाची शाळा कुठल्या पत्त्यावर मिळते.
पाणी कुठून येतं, नदी की कालवा.
बिबवेवाडीत फ्लॅट घेताना हे विचारलं नाही,
चार उन्हाळे टँकर मोजले.
पश्चिमेला खिडक्या किती.
घर बघायला दुपारी तीनला जा,
दाखवणारे सकाळी दाखवतात.
चप्पल झटकून पाय घाल, तिकडे विंचू असतात.
शेजारी कोण.
ते आधी कळत नाही गं, म्हणाली.
इथेही कुठे कळायचं.
तरी विचारायचं.

ओहायोत तिची तुळस तीनदा गेली, थंडीनं.
आता उन्हानं जाईल.
बर्फातले बूट ती कुणाला तरी देऊन टाकणार.
रेवाचे मी पाहिलेत, दाराशी,
एक आडवा पडलेला, आत मोजा तसाच.
त्याचं यादीत काय लिहायचं
कळेना.

हॉलमध्ये आमच्या दोन घड्याळं. दुसरं तिचं.
मार्चमध्ये तासभर पुढे, नोव्हेंबरात मागे,
अकरा वर्षं हे स्टुलावर चढायचे, मी स्टूल धरायची.
गेली दोन वर्षं मीच चढते,
भिंतीला हात लावून.

ॲरिझोनात काटे हलवत नाहीत, ती म्हणाली.
बारा महिने साडेबारा तासांचा फरक.
साडेबारा?
मी पुन्हा बोटांवर मोजलं,
मग चढले आणि काटे तीन तास मागे नेले.
आपले संध्याकाळचे सात,
तिचे सकाळचे साडेसहा.
भिंतीवर मात्र
नुसता अर्धा तास.

खाली उतरून बघत राहिले.
अख्खा दिवस उलटा, आणि दिसायला
कुणी वाण्याकडे जाऊन यावं एवढंच.

काल सिलिंडर घेऊन आलेला मुलगा
सुट्टे मोजता मोजता वर बघून म्हणाला,
मावशी, ते घड्याळ मागे पडतंय,
सेल बदला.

म्हटलं, हरकत नाही.