फॉर सेल

कायतान म्हणाला, लिही: बोट फॉर सेल.
मी ऐकलं तसं लिहिलं.
साडेतीन फुटी प्लायवूड, निळा ऑइलपेंट, खाली मोबाइल नंबर.
अक्षरांना सावली हवी तर पन्नास जास्त.
कायतानला सावली नको होती.

दसऱ्यापासून बोर्ड तळपणच्या धक्क्यावर.
गिऱ्हाइकं यायची, पण निराळंच विचारायची:
तासाला किती? डॉल्फिन दिसतात? लाइफजॅकेट आहे?
एका गोऱ्या बाईने तर चपला काढून पाय आत टाकला.
कायतान शिव्या घालायचा,
आधी बापाकडून उरलेल्या पोर्तुगीज, मग आपल्या.
एकदा मात्र नेलं त्याने एका जोडप्याला नदीच्या तोंडापर्यंत.
आठशे घेतले. दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

माझी शमिका सातवीत. सायकल टेकवून तिने बोर्ड वाचला
आणि हसत सुटली.
बाबा, हे विकायचं सेल नव्हे, शिडाचं.
एस, ए, एल, ई हवं. तुम्ही मध्ये आय घातलात.
मी म्हटलं, कानाला तर एकच.
कानाला एकच असतं, म्हणाली, म्हणून तर वही.

वहीत दोन रकाने.
सन आभाळातला, सन पोटचा.
सी म्हणजे पाहणे, सी म्हणजे समुद्र.
हे पटलं. आमच्या खिडकीत दोन्हींना एकच शब्द पुरतो.
वीक म्हणजे आठवडा, वीक म्हणजे अशक्त.
कायतानच्या आयला मडगावात दाखल करून
तेव्हा तिसरा चालू होता.
मी वही मिटली.

रॉकेलच्या चिंधीने आय पुसला,
एल एक घर मागे घेतला, शेवटी ई.
जुन्या आयचा निळा डाग राहिलाच.
शनिवारी कारवारचा माणूस आला.
फळ्या ठोकून पाहिल्या, इंजिनाचा वास घेतला,
नोटा तिथंच मोजल्या, जाळ्यांच्या ढिगावर बसून.

त्याला होडी हवी होती, तिच्यावरचं सांता रीटा नको.
पुन्हा बोलावणं मलाच, पॉलिशपेपर घेऊन ये.

आमच्या गुरुजींच्या जुन्या पुस्तकात
माणसाच्या नांवावर टिंब असायचं,
पाण्यातल्या नावेवर नसायचं.
पुढे कुणी शहाण्यांनी बसून ते टिंब उडवलं.
आम्हा रंगाऱ्यांचा तेवढाच रंग वाचला.

पहिला हात फिरवला. स ची शेपटी पांढरी झाली.
तेवढ्यात कायतान, लांब माडाला टेकलेला,
ओरडला: नांव दवर रे!
त्याच्या नाकातलं टिंब
वाऱ्याने अर्ध्या वाटेत खाल्लं.

मी वळलो. विचारणार होतो,
ठेवू कोणतं?
की कोणती?