ओढ

वडगावात, मंगाईच्या देवळामागच्या बोळात,
रेशन दुकानाच्या माडीवर
मुचंडींची शैला बसते, मंगळवार सोडून.
पाटी आधी कन्नडात, खाली बारीक मराठीत,
आणि मधला ऑस्टिओपॅथी हा शब्द
दोन्हीकडच्या रंगाऱ्यांनी
आपापल्या परीनं चुकवलेला.

मी उजवा खांदा घेऊन गेलो होतो.
खांदा म्हणजे, तीस वर्षं
चार माग सांभाळलेला हात जिथं अडकतो ती जागा.
शर्ट घालताना आधी उजवी बाही, मग मी.
हाडवैद्याचा लेप झाला, सिव्हिलमधला फोटो झाला.
फोटोत काही नव्हतं.
काही नसलेलं फार दुखतं.

'कुठं दुखूलालंय?'
मी खांदा दाखवला.
ती डाव्या पायाशी जाऊन बसली.

वाटलं, ऐकू गेलं नसेल.
म्हटलं, 'बाई, खांदा.'
'हं,' म्हणाली, आणि घोट्याखाली तळवा सरकवून
गप्प राहिली,
विरजण लावल्यावर पातेल्याची ऊब
बघत राहावी तशी.

दाबलं नाही. कडकन वाजवलं नाही.
तालमीतला वस्ताद असता तर एव्हाना
माझ्या तोंडून आई निघाली असती.
पंखा फिरत होता. खाली तांदूळ मापत होते,
एकजण कन्नडात हुज्जत घालत होता,
दुसरा मराठीत,
आणि माप दोघांनाही कमीच.

मग हात पोटरीवर. गुडघ्याच्या मागं.
कमरेच्या खोबणीत थांबला बराच वेळ,
पुढं गेला, पुन्हा मागं आला,
जसं करंट गेल्यावर अंधारात
कुणी मागावरनं बोटं फिरवत चाललंय.

ते मला कळतं.
कापडाला तिरकी ओढ पडली
तर कापडाकडं बघून काही होत नाही.
मागं जायचं, बीमकडं.
तिथं एखादी गाठ असते,
रात्रपाळीच्या पोरानं झोपेत मारलेली,
चाळीस वार आधी.
पण हे कापडाचं झालं.
आपणही असेच विणलेले असू
हे मला कुणी बोललं नव्हतं.

'ह्या पायावर पडलाय कधी?'
'नाही.'
'पडलाय.'
भांडण नव्हतं त्यात. वार मोजून सांगावेत, तसं.

आणि तिचा हात बरगड्यांखाली असताना
मला येळ्ळूरचा उतार दिसला.
तेरा वर्षांचा मी, बापाची सायकल,
मागं कॅरेजवर सुताचं गठूळ.
ब्रेक लागेना. गठूळ वाचवायला
डावा पाय खाली टाकला,
तो तसाच मुडपत गेला खडीतून.
घरी सांगितलं नाही.
सुताला माती लागली नव्हती,
म्हणून कुणी विचारलंही नाही.

'तेव्हापासून उजवं अंग तोलूलालंय बघा,' ती म्हणाली.
'खांदा गडी चांगला आहे तुमचा.
पस्तीस वर्षं दुसऱ्याची पाळी करूलालाय.'

मी हसणार होतो. घशात काहीतरी फिरलं, ते हसू नव्हतं.
'मग बरं कधी करशील?'
'मी कुठली करते? मी वाट मोकळी करते.
पुढचं तुमचं रक्त बघतंय.'
मधेच तिला कन्नडच आलं तोंडात:
'उसिरु बिड्री.'
मी श्वास सोडला.
कधीपासून धरला होता, कोण जाणे.

चमत्कार वगैरे काही नाही.
जिना उतरताना डावी टाच
पायरीला पुरती टेकली, एवढंच.
एवढ्यानंच जिना नवा वाटला.
खांदा अजून दुखतो. बुधवारी परत बोलावलंय.
दीडशे रुपये घेतले, पन्नास पुढच्या वेळी म्हणाली.

रात्री पाळीत पोरगं ओरडलं,
'मामा, दोन नंबरला ओढ पडूलाल्या!'
तो फणीशी वाकून कापड चाचपत होता.
मी माग बंद केला
आणि काही न बोलता बीमकडं निघालो,
डावा पाय आधी टाकत.