उणे पस्तिसाचं घर

आउलिसकाकांचा डावा कान गेला, उजवाही निम्मा,
तेव्हा त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.
आम्हाला कळलं ते साबच्या तिसऱ्या पिस्टनवरून.
त्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती.

चाळीस वर्षं ते इंजिन कानाने लावत आले.
तांब्याची नळी, एक टोक ब्लॉकला बोल्टने कसलेलं,
दुसरं लाकूडतोड्यांच्या कानटोपात खुपसलेलं.
पेट्रोल वेळेआधी पेटलं की नळीतून
पत्र्यावर वाटाणे सांडल्यागत आवाज यायचा
आणि काका डिस्ट्रिब्यूटर केसभर मागे फिरवायचे.

म्हणून कॉम्प्युटर.
कुहमो, जानेवारी, स्वयंपाकघरातलं टेबल, तीन कॅटलॉग.
पहिला ऑस्ट्रेलियाचा, रंगीत पडद्याचा;
तेवढ्यात खिळ्यांचे टायर आणि अर्धा गिअरबॉक्स आला असता.
दुसरा म्हणजे सुटे भाग, डाग देऊन आपले आपण जोडा.
तिसरा राखाडी, कुरूप, साबणाच्या वडीएवढा.
मी इंजेक्टर किती, वेग किती, वाचत बसले होते.
काकांचा प्रश्न एकच:
"याला ऐकू येतं का?"
तिसऱ्याला येत होतं.

वायरिंगला नऊ दिवस गेले.
क्रँकच्या सेन्सरच्या दोन तारा मी उलट्या जोडल्या,
एक्झॉस्टमधून असा बार निघाला
की लेंपीबाईंचा कुत्रा दोन दिवस अंगणात आला नाही.

मग नकाशा. सोळा उभी, सोळा आडवी,
दोनशे छप्पन्न घरं, घरागणिक एक आकडा.
गोठलेल्या तळ्यावर काका चालवायचे,
माझ्या मांडीवर लॅपटॉप, बोटं हातमोज्यातून अर्धी बाहेर.
"बत्तीसशेवर थांबा. याच घरात."
उजव्या पायाने गॅस, डाव्याने ब्रेक,
गाडी दाव्याला बांधल्यासारखी थरथरत राहायची.
थोडं पेट्रोल वाढव. बास.
पुढचं घर.

सेहेचाळीसशेवर, टर्बो भरात असताना
पडद्यावर एक रेघ ताडकन उभी राहिली.
काकांना ऐकू आलं नाही. मलाही नाही.
गाडी थांबवून ते त्या रेघेकडे बघत राहिले,
आपल्याबद्दलचं पत्र दुसऱ्याच्या नावे आलेलं बघावं तसं.
"दोन अंश मागे घे."
घेतले. रेघ गेली.
मग त्यांनी डिकीतून नळी काढली.
"आता ते दोन अंश परत दे. एकदाच.
कानटोप लाव, सायमी.
डबा सांगतो, झालं म्हणून.
कसं झालं ते नाही सांगत."

वाटाणे. खरंच वाटाणे.

उरलं थंडीतलं स्टार्टिंग.
ते दिवसातून एकदाच शिकता येतं.
इंजिन धडधडलं की तापलं, मग एकदम उद्या.
मंगळवार, उणे अठरा: पेट्रोल जास्त, प्लग भिजले.
बुधवार, उणे एकवीस: पेटलं, खोकलं, विझलं.
गुरुवारी काका उठलेच नाहीत, गुडघा.
शुक्रवार, उणे चोवीस: पेटलं
आणि चालत राहिलं, बर्फावर पांढरी वाफ सोडत.

मी लॅपटॉप मिटणार तोच म्हणाले,
"उणे पस्तिसाचं घर तसंच राहिलं."
तिथे कंपनीचा आकडा आहे, काका.
"कंपनी कुठे राहते उणे पस्तिसात?"
तशी थंडी हल्ली पडत नाही.
"आली तर?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
सीटवर बसूनच लॅपटॉप ओढून घेतला,
एका बोटाने, एकेक अंक शोधत,
एकशे नव्वदच्या जागी
दोनशे चौदा.

दोनशे तेरा का नाही, मी विचारलं.
ते इंजिनाकडे बघत होते.
मी दाराशी, त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते.