क्रमांक सदतीस

बेटावदला पॅसेंजरमधून मी उतरलो,
आणि एक कोंबड्यांची टोपली.
माझ्या पिशवीत फॉर्म, टेप, कोनमापक
आणि पुण्याहून आलेली यादी:
एक्केचाळीस पाय, त्यातले नऊ सापडत नाहीत.
न सापडणाऱ्याला आमच्या भाषेत म्हणतात
पाठपुराव्यातून सुटलेला.
जणू दावं तोडून गेला.

सदतीस सापडला.
वना झिपा कोळी, निवृत्त शिपाई,
पांझरेच्या काठी मिरच्या पसरत होता, उकिडवा बसून.
उकिडवा!
मी आधी ते टिपलं, मग नमस्कार केला.

उजव्या नडगीचं सहा सेंटीमीटर हाड
सुरुंगापाशी बर्फात राहिलं.
मग चांगल्या जागी हाड पुन्हा कापायचं,
कड्या, तारा, नट बसवायचे
आणि तो काप पुढे सरकवत न्यायचा:
पाव फेरा, दिवसातून चार वेळा,
दिवसाला एक मिलिमीटर.
मागच्या फटीत नवं हाड धरतं.
घाई केली तर धरत नाही,
रेंगाळलात तर नको तिथे जुळून बसतं.
साठ दिवसांचा हिशेब. बाकी सगळं घरी करायचं.

प्रश्न चार: जिना चढताना त्रास होतो का?
"कोनता जिना?"
त्यानं गावाकडे पाहिलं. मीही पाहिलं.
प्रश्न सात: हलकं बागकाम करता येतं का?
"तीन बिघं मिरची से."
प्रश्न अकरा: पायामुळे मन उदास असतं का?
"पायमुळे नही."
रकान्यात मी लिहिलं, नाही.

टेप लावला. चार मिलिमीटर कमी.
पुन्हा लावला. चार.
चपलेत टायरची पट्टी शिवलेली,
अमळनेरच्या मोच्यानं, नुसत्या अंदाजानं.
तीही मोजली.
चार.

चहाला आत गेलो, तर
चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा,
चार-चारचे झुबके, ओळीनं.
पुण्याच्या फायलीत ही पानं गहाळ आहेत.
मी मोजू लागलो, सवयच तशी.
काही झुबके तीनचे.
"चवथी रेघ?"

सुपडाबाई चहा गाळत होती. गाळून झाल्यावर बोलली.
"रातले तो वरडे.
मी पाना लावू, अन् काढी लिऊ.
तो इचारे, फिरावं का?
मी सांगू, हाव, फिरावं."

तीनचे झुबके सोळा.
सोळा पाव म्हणजे चार.
साठाव्या दिवशी पुण्याला उरलेली फट दाबून जोडली,
आणि प्रबंधात आमच्या सरांनी त्यावर
दोन परिच्छेद लिहिले आहेत, धातूच्या गुणधर्मांबद्दल.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो:
उपचारात खंड पडला असल्यास कारण.
बाहेर वना मिरच्या उलथत होता.
बाई पेनाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.
मी लिहिलं, कारण समजले.
पुढे काही सुचेना.
चहा गोड होता, फार गोड.

स्टेशनपर्यंत तो सोबत आला,
खडीवरून, माझ्यापेक्षा सरळ.
"अडतीस नंबरनं पोऱ्या काय करस?"
शेजारची खाट. सहा महिने.
बुलढाण्याकडचा, पत्त्यात लबाडी करायचा,
रात्री याच्या तारांवर पडणारी चादर
काठीनं उचलून धरायचा.

दुसऱ्या रुग्णाची माहिती देता येत नाही.
नियम आहे, आणि बरोबर आहे.
मी म्हणालो, यादी पुण्याला असते.
पिशवी काखेत होती.
"भेटना ते सांगजा," तो म्हणाला, "वना चालस."

गाडी हलल्यावर यादी काढली.
नऊ नावांवरून बोट फिरवलं, अडतीसवर थांबलं,
समोरचा रकाना कोराच होता.
हाताला मिरचीचा खकाणा होता हे विसरलो
आणि नरडाण्यापर्यंत
डोळा चोळत बसलो.